पदपथ बांधताना झाडांच्या बुंध्याशी माती मोकळी ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मासुंदा तलाव, कौपिनेश्वर मंदिर, जांभळी नाका आणि टेंभी नाका हा ठाण्याचा जुना गाभा. शिलाहारकालीन श्रीस्थानकाचा वारसा सांगणाऱ्या या शहरात पदपथांची आणि चौकांची कामे सतत चालू असतात. पदपथ चांगले व्हावेत, तलावपाळीवर बसायला जागा असावी, हे आम्हा रहिवाशांनाही हवेच आहे. हरकत आहे ती या कामांत झाडांना मिळणाऱ्या वागणुकीला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पिंपळ आहे. पदपथाच्या कामात त्याच्या सालीपर्यंत काँक्रीट ओतले गेले. बुंधा आणि काँक्रीट यांच्यामध्ये आता बोटही शिरत नाही. एका बाजूला मुळांनी पेव्हर ब्लॉक वर उचलले आहेत, त्यामुळे काठी टेकत देवळात जाणारी वृद्ध माणसे तेवढ्यापुरती रस्त्यावर उतरतात आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढतात. दुरुस्ती निघाली की ब्लॉक सपाट बसावेत म्हणून मुळेच तासली जातात. मग पावसाळ्यात झाड कोलमडले की दोष वाऱ्याला दिला जातो.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसवले तर सांध्यांतून थोडे पाणी जमिनीत मुरते, आणि जलवाहिनी किंवा केबल टाकताना तेच ब्लॉक काढून पुन्हा लावता येतात. खाली काँक्रीटचा थर घातला की हे दोन्ही फायदे संपतात आणि सगळे पाणी गटारांकडे धावते. वंदना सिनेमा परिसरात दर पावसाळ्यात पाणी तुंबते, त्याची कारणे अनेक असतील, पण मुरायला जागाच न ठेवल्याने त्यात भरच पडते. आपल्याकडे वडापिंपळाला पार बांधण्याची जुनी रीत आहे आणि त्यात खोडाभोवती माती राखलेली असते, म्हणजे माणसांना बसायला जागा देण्यासाठी झाड कोंडावे लागत नाही.

कायदाही झाडाच्या बाजूने आहे. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात झाड तोडणे या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ठाण्याला असा आदेश येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

प्रशासनाला विनंती आहे की, जुन्या गाभ्यातील कोणत्याही पदपथाच्या निविदेत प्रत्येक झाडाभोवती किमान एक मीटर मोकळ्या मातीची अट लेखी घालावी, मुळांजवळचे खोदकाम यंत्राने न करता हाताने करावे, काम सुरू असताना वृक्षतज्ज्ञ जागेवर असावा आणि त्याने पाहणी केल्याशिवाय ठेकेदाराचे देयक मंजूर होऊ नये. पूर्वीच काँक्रीटने आवळलेले बुंधे पुढच्या पावसाळ्याआधी मोकळे करावेत, आणि त्याची सुरुवात तलावपाळीपासून व्हावी.

आपला विश्वासू,
एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)