नक्षीवर नक्षी, पण पायाखाली नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फुलं, पट्टे, चौकडी सगळं एकाच खोलीत हवं हे तुमचं पक्कं ठरलंय, तेव्हा "जरा साधं ठेवा ना" असं मी म्हणणार नाही. ठसठशीत नक्षी खुशाल येऊ द्या. ती कुठे नको एवढ्यापुरता मात्र माझा हट्ट आहे, आणि त्याची सुरुवात जमिनीपासून.

गडद बुट्ट्यांचा किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गालिचा अजिबात नको. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि धूसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. अशा डोळ्याला फिकट गालिच्यावरचा गडद गोल खड्ड्यासारखा वाटतो आणि आडवा गडद पट्टा पायरीसारखा. मग पाय नकळत उंच पडतो आणि तोल जातो. बारीक, दाट पट्टे तर चालताना हलल्यासारखे दिसतात. बाबा, चष्मा आहे म्हणून चालेल असं समजू नका, भिंगाचा पिवळेपणा चष्म्यानं जात नाही. गालिचा हवाच असेल तर एकरंगी, कमी लवीचा घ्या, कडा न दुमडणारा, आणि खाली न घसरणारी जाळी घाला.

खुर्ची आणि पलंगाचंही तेच. बैठकीची खोळ आणि जमीन एकाच रंगाची असली की कड दिसत नाही आणि माणूस अर्धा बाहेर बसतो. बैठक जमिनीहून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे. उशाजवळच्या टेबलावर बारीक फुलांचं कापड घालू नका. पांढरी गोळी त्यावर पडली की पाकळ्यांत मिसळून जाते.

आता भिंत, पडदे, अभ्रे. इथे हात मोकळा सोडा, फक्त आकार वेगवेगळे ठेवा. एक नक्षी मोठी, वीतभर फुलांची. दुसरी मध्यम, मुठीएवढी चौकडी किंवा पट्टे. तिसरी अगदी बारीक, नखाएवढे ठिपके. मोठी एकच असावी आणि तिला सगळ्यात मोठी जागा द्यावी, म्हणजे एक भिंत किंवा पडदे. गजबज होते ती नक्ष्या जास्त झाल्या म्हणून नाही, सारख्या आकाराच्या दोन नक्ष्या शेजारी आल्या म्हणून होते. वीतभर गुलाबाशेजारी वीतभर मोर आला की नजर कुठेच ठरत नाही.

या सगळ्यांना बांधतो तो रंग. मोठ्या नक्षीतले तीन रंग निवडा आणि बाकीच्या प्रत्येक कापडात त्यांतला एक तरी असू द्या. आई, छापील कापडाचा काठ नीट बघ. पुष्कळदा तिथे रंगीत ठिपक्यांची एक ओळ असते, छपाईत वापरलेला एकेक रंग एकेका ठिपक्यात. तेवढी पट्टी कापून पर्समध्ये ठेव. दुसरं कापड घेताना आठवणीवर विसंबू नकोस, ती पट्टी लावून बघ. आणि पांढऱ्याकडे लक्ष असू दे. एका कापडाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, शुभ्र आणि दुसऱ्याची सायीच्या रंगाची असली, तर शेजारी ठेवल्यावर साय मळकी दिसते. धुऊन उपयोग नाही. दोन्ही शुभ्र घे नाहीतर दोन्ही सायीचे.

सगळे तुकडे सोफ्यावर पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत सगळंच एका करड्या रंगाचं दिसलं, तर गडद-फिकट फरक कमी पडतोय आणि दुरून सगळ्याचा काला होणार. तेच तुकडे एकदा दिवसा आणि एकदा रात्रीच्या दिव्यात बघा. काही जुळलेले रंग दिवा बदलला की फुटून दिसतात.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर रंग त्यानंतर निवडा. पिवळं भिंग निघालं की निळे-जांभळे एकदम उजळ दिसतात. आज शांत वाटणारा निळा तेव्हा अंगावर येईल.

वॉलपेपर लावणार असाल तर रोल मागवण्याआधी रिपीट विचारा, म्हणजे एका फुलापासून तेच फूल पुन्हा येईपर्यंतचं अंतर. लोकांचा हिशेब चुकतो तो इथेच. बाजारात सर्रास मिळणारा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. भिंत २.४ मीटर उंच आणि ४.२ मीटर रुंद धरा. रुंदीला आठ पट्ट्या लागतात. वर-खाली कापायला १० सेंटिमीटर धरून एक पट्टी २.५ मीटरची होते. साध्या कागदाच्या एका रोलमध्ये चार पट्ट्या बसतात, म्हणजे दोन रोल पुरे. पण रिपीट ६४ सेंटिमीटर असेल, तर फुलं जुळण्यासाठी प्रत्येक पट्टी चार रिपीटची, २.५६ मीटरची कापावी लागते. मग रोलमध्ये तीनच पट्ट्या निघतात आणि तीन रोल लागतात. सगळ्या रोलवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते आधी तपासा. मागाहून आणलेल्या रोलचा रंग किंचित वेगळा निघाला तर नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

पहिली पट्टी कोपऱ्याला टेकवून लावायला देऊ नका. कोपरे सहसा सरळ नसतात. ओळंबा सोडून पेन्सिलीची रेघ मारायची आणि त्या रेघेला पट्टी लावायची. उभे पट्टे असतील तर हे फारच महत्त्वाचं, कारण वाकडी भिंत पट्टेच चव्हाट्यावर आणतात. भिंतीला ओल असेल तर कागदाचा विचारच सोडा. तो सुटेल आणि मागे काळी बुरशी धरेल. आधी ओल बंद करा.

पडद्याला दांडीच्या दुप्पट कापड घेतात, पण मोठी फुलं दुपटीच्या चुण्यांत दडपून जातात. त्यासाठी दीडपट बरं. दोन्ही पल्ले रिपीटच्या एकाच जागेपासून कापायचे, नाहीतर पडदे ओढल्यावर एका बाजूचं फूल वर आणि दुसऱ्या बाजूचं खाली. सुती असेल तर कापण्याआधी भिजवून वाळव, आई. शिवल्यावर आटलं तर पडदा जमिनीपासून वर लोंबत राहील.

भिंतीची उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीनदा मोजून मला कळवा. तिन्हींतला मोठा आकडा धरू. मोजायला तुम्ही दोघांपैकी कोणीही स्टुलावर चढायचं नाही, टेप धरायला कोणाला तरी बोलवा.

तुमची,
मनू