मनूला, मंगळवारच्या आधी

मनू,

रविवारी फोन ठेवल्यापासून चार वेळा मेसेज लिहिला आणि पुसला. बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबांचा हंटिंग्टन आजार तुझ्यातही आला आहे का, ती जीनची टेस्ट करायची की नाही हे तू ठरवलंस, तो तुझा हक्क आहे, त्यावर मी काही बोलणार नाहीये. रक्त देऊन झालंय, मंगळवारी रिपोर्ट मिळणार. माझं एकच म्हणणं आहे, तो घ्यायला एकटी जाऊ नकोस. काउन्सेलरनेसुद्धा कुणालातरी बरोबर आणा म्हणून सांगितलंय, हे तूच मला बोललीस. मग "मी मॅनेज करीन" हे काय उत्तर झालं?

बरं सोड, चिडायला बसले नव्हते लिहायला.

सप्टेंबरमध्ये तू ती हंटिंग्टनवरच्या एएमटी-१३० या जीन थेरपीची बातमी पाठवलीस ती मी त्या रात्री तीनदा वाचली. कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत खोलवर औषध सोडायचं, बारा ते अठरा तासांचं ऑपरेशन, तेही आयुष्यात एकदाच, आणि निरुपद्रवी केलेला व्हायरस आत जाऊन त्या बिघडलेल्या जीनचा आवाज कमी करणार. जास्त डोस मिळालेल्यांमध्ये तीन वर्षांनी आजार पुढे सरकण्याचा वेग ७५ टक्क्यांनी कमी. मी ती ओळ बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. कळलं का माहीत नाही, पण त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी शांतपणे परत वाचलं तेव्हा दिसलं की त्या डोसवर तीन वर्षं पूर्ण झालेले पेशंट फक्त १२ आहेत आणि तुलना ट्रायलच्या बाहेरच्या पेशंटच्या नोंदींशी केलेली आहे. तुझ्या आनंदावर पाणी टाकत नाहीये गं. पण २०२१ चा मार्च आठव. याच आजारावरच्या टोमिनर्सेन या औषधाची ट्रायल, ७९१ माणसं, पाठीच्या कण्यात सुई टोचून घेत होती, आणि मधेच थांबवली, कारण ज्यांना औषध जास्त वेळा दिलं ते औषध न मिळालेल्यांपेक्षाही खाली गेले. तेव्हा बाबांना बोलता येत होतं. स्वतःचं काही बोलले नाहीत, "त्या लोकांच्या घरी आज काय चाललं असेल" एवढंच म्हणाले. म्हणून हल्ली मी चांगल्या बातमीत आधी आकडे शोधते.

मला विचारशील तर २०२५ च्या जानेवारीत आलेलं काम जास्त मोठं वाटतं, हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटवाल्यांचं. तू वाचलं असशीलच, तरी मला कळलं तसं सांगते, चुकलं तर सुधार. चौथ्या क्रोमोसोमवरच्या त्या जीनमध्ये सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, २६ पर्यंत काही नाही, ३६ ते ३९ मध्ये होईलही नाहीही, ४० पासून पुढे आजार होणारच, आणि बाबांचे ४४. इतकी वर्षं मला वाटायचं की जन्मापासून थेंब थेंब विष साठतंय. पण मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधली एकेक पेशी त्या संशोधकांनी तपासली तेव्हा दिसलं की तो आकडा स्थिर नसतोच, मेंदूच्या त्या भागात, स्ट्रायटममध्ये, पेशीच्या आतच तो वाढत जातो. ४० चे ८० व्हायला कित्येक दशकं लागतात आणि तेवढा काळ पेशी जवळजवळ ठणठणीत असते, मग वाढ वेग घेते, आणि १५० च्या पुढे गेली की पेशीचा कारभार कोलमडतो. म्हणजे मनू, आकडा वाईट आला तरी तुझ्या वयाला बहुतेक पेशी शाबूत असणार. आणि ही वाढ करायला मदत करतं ते आपल्याच डीएनएची दुरुस्ती करणारं प्रोटीन, एमएसएच३, आणि तेच आवरून वाढ मंदावता येईल का यावर आता बरेच लोक काम करतायत. बाबांना निदान झालं तेव्हा असं काही कानावर नव्हतं, तेव्हा फक्त हातपायांच्या हालचाली आवरायची गोळी होती.

हे वाचल्यावर मी मागे मागे जात राहिले. तुला सायकल शिकवताना बाबा मागून सीट धरून पळायचे आणि दोनदा अडखळून पडले, आपण तिघंही पोट धरून हसलो होतो. तेव्हाच सुरू झालं असेल का? आणि तुझी कंपासपेटी भिंतीवर फेकली होती ते? तू दोन दिवस बोलली नव्हतीस त्यांच्याशी. तो राग आजाराचा होता आणि ते मला तुला तेव्हा सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आजोबांना तर लोक दारुडे म्हणायचे, त्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

दादाला भित्रा म्हणालीस ते मात्र मागे घे. त्याला नाही कळून घ्यायचं, तोही हक्कच आहे. नॅन्सी वेक्सलर, जिच्या आईला हाच आजार होता, तिने व्हेनेझुएलातल्या कुटुंबांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन रक्ताचे नमुने जमवले, त्यातून १९८३ ला जीनचा पत्ता लागला आणि १९९३ ला जीन सापडला, म्हणजे तुझी मंगळवारची टेस्ट तिच्यासारख्यांमुळे आहे, आणि तिने स्वतःची टेस्ट केली नाही. २०२० मध्ये तिने सांगितलं की तिलाही आजार आहे. मग काय ती भित्री? प्रत्येकाला आपलं आपलं... जाऊ दे, भाषण द्यायला लागले. सॉरी. तू सगळं वाचून, तीन वेळा काउन्सेलरकडे बसून मग रक्त दिलंस, मला जमलं नसतं ते. तुझा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो, दोन्ही एकदमच होतं, काय करू. बापाकडून येताना आकडा कधीकधी वाढून येतो हे मी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून झोप नाही. हे लिहायचं नव्हतं.

आता जे लिहायचं होतं ते. तू म्हणालीस सहा वर्षं लपवलंस, आणि आत्याकडून कळावं लागलं. खरंय. २०१४ मध्ये बाबांचा रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले होते. बाबांना सुट्टी मिळत नव्हती आणि मी म्हटलं होतं, मी मॅनेज करीन. डॉक्टर समजावून सांगत होते, प्रत्येक मुलाला ५० टक्के हे ऐकलं आणि पुढचं काही कानात शिरलं नाही. बाहेर बाकावर किती वेळ बसले आठवत नाही, तुझी शाळा सुटायची वेळ झाली म्हणून उठले. वाटेत मी ठरवून टाकलं की मुलांना "नसांचा त्रास" सांगायचं. तो निर्णय मी एकटीने, त्या अर्ध्या तासात, कुणाशी एक शब्द न बोलता घेतला आणि मग मागे घ्यायची हिंमतच झाली नाही. बाकावर शेजारी कुणी असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. तुझ्याशी सहा वर्षं खोटं बोलले, त्याची माफी मी कधी मागितली नव्हती, आता मागते.

मला यायला आवडेल, पण बाबांना गिळताना ठसका लागतो, दुसऱ्या कुणाच्या हातून ते घास घेत नाहीत, तुला माहितीये. दादा येतो म्हणालाय, दाराबाहेर बसेन, आकडा विचारणार नाही म्हणाला. तो नको असेल तर तुझी ती मैत्रीण, नाहीतर आत्या. कोणीही.

आकडा मला त्या दिवशी नाही सांगितलास तरी चालेल, महिन्याने सांग, नाही सांगितलास तरी चालेल. सोमवारी रात्री फक्त बरोबर कोण येतंय त्याचं नाव मेसेज कर.

आई