‘पायाला काय लागतंय?’ असं विचारणाऱ्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठे लिहायचा नाही, असं तुम्ही बजावलं होतं. ‘गर्दी झाली की घाई होते, आणि घाई झाली की मीपण पार्ट बदलायला लागेन,’ हे तुमचेच शब्द. म्हणून एवढंच लिहिते की तुम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली बसता. तुम्हाला ओळखणाऱ्यांना तेवढं पुरेल. बाकीच्यांनी निदान माझ्या गाडीच्या ब्रेकचं दुखणं तुम्ही कसं शोधलंत ते वाचावं.

आमची गाडी २०१६ ची. एप्रिल २०१९ पासून नव्या प्रत्येक कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, पण आम्ही घेतली तेव्हा ते हवं असेल तर आमच्या गाडीत वरचं मॉडेल घ्यावं लागायचं. बाबा म्हणाले, ‘टेप नसला तरी चालेल, एबीएस घे.’ पावसात एकदा त्यांची गाडी घसरली होती. तेव्हा काही झालं नाही, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. त्यामुळे जुलैत डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि विझेना, तेव्हा सगळ्यात आधी मला बाबाच आठवले.

पण खरं सांगायचं तर दिवा फार उशिरा लागला. त्याआधी महिनाभर मला पायाला जाणवत होतं. कोलशेतला आमच्या सोसायटीच्या गेटशी गाडी जेमतेम दहाच्या वेगात असते. मी हलकेच ब्रेक दाबायची, तर पेडल टर्रर्र करून थरथरायचं आणि गाडी वीतभर पुढे सरकायची. जमीन कोरडी, समोर काही नाही, टायर नवे. एकदा तर वॉचमनकाकांची प्लॅस्टिकची खुर्ची थोडक्यात वाचली. खुर्ची रिकामी होती म्हणून आज हसते आहे.

हे मी सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. समोरचा मुलगा गोड बोलणारा होता. ‘मॅडम, तुम्ही ब्रेक जोरात दाबत असाल. थरथरतंय म्हणजे एबीएस काम करतंय, चांगलंच आहे.’ जॉब कार्डवर त्याने लिहिलं, ‘ब्रेक नॉइज’. आवाजाबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. मी अठरा वर्षं गाडी चालवते आहे. पण शेजारच्या काउंटरवर कुणीतरी आपल्या नवऱ्याला ‘सरांना सांगा’ म्हणत होतं, आणि मला वाटलं, मीही इथे ‘सरांना’ घेऊन यायला हवं होतं की काय.

मग दिवा लागला. त्यांनी मशीन लावलं, बिघाडाचा कोड आला तो डाव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. सेन्सर बदलला, ३,४०० रुपये. चार दिवस दिवा विझलेला होता, थरथर मात्र चालूच. पाचव्या दिवशी ऑफिसला जाताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली आणि दिवा परत हजर. आता त्यांचं म्हणणं पडलं की सेन्सर नवा आहे, म्हणजे मॉड्यूल, एबीएसचा कॉम्प्युटरच, गेलं. आकडा होता ४२,००० रुपये. घरी येताना एका दुसऱ्या गॅरेजवाल्याने सोपा उपाय सुचवला, ‘दिव्याची वायरच काढून टाकतो ताई, तीनशे द्या. पूर्वी कुठे होतं एबीएस?’ त्याला बाबांची गोष्ट सांगायचं माझ्या जिवावर आलं.

तुमच्याकडे मला आमच्या सोसायटीतल्या स्कूलबसच्या ड्रायव्हरदादांनी पाठवलं. गेटशी गाडी सरकताना त्यांनी पाहिली होती. शनिवारी सकाळी मी आले तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. बॉनेट उघडलं नाहीत, मशीन मागवलं नाहीत. कप खाली ठेवून विचारलंत, ‘दिवा चावी फिरवल्या फिरवल्या लागतो, की गाडी हलल्यावर?’ मला सांगता येईना, म्हणून तिथेच करून दाखवायला लावलंत. चावी फिरवली, दिवा दोन-तीन सेकंद लागला आणि विझला. ही त्याची स्वतःची तपासणी, तुम्ही म्हणालात. वायर तुटली असती तर त्याला इथेच कळलं असतं, दिवा विझलाच नसता. तुमचा दिवा चालल्यावर लागतो, म्हणजे चाक फिरताना काहीतरी बिघडतंय.

मग चारही टायर एकाच मापाचे आहेत का, ॲक्सलचा बूट, म्हणजे त्यावरचं रबरी आवरण, कधी बदलला होता का, ब्रेकचा लाल दिवा सोबत लागतो का, असे प्रश्न. लाल दिव्याचं तुम्ही दोनदा सांगितलंत आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे. पिवळा एकटा असेल तर नेहमीचे ब्रेक असतात, फक्त चाक लॉक होऊ न देणारा कुणी नसतो. लाल आणि पिवळा एकत्र लागले तर गाडी बाजूला घ्यायची आणि आधी ब्रेक ऑइल बघायचं, कारण मग मागच्या-पुढच्या चाकांतली ब्रेकची वाटणीसुद्धा बिघडलेली असू शकते.

आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘पायाला काय लागतंय?’

महिनाभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी इतकं भराभरा बोलायला लागले की तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि म्हणालात, ‘सावकाश. किती वेगात, ते आधी सांगा.’

उत्तर ऐकून तुम्ही जे समजावलंत ते मला शाळेत कुणी समजावलं असतं तर मी कदाचित इंजिनिअर झाले असते. एबीएसला डोळे नसतात, त्याला फक्त चार चाकांचे वेग कळतात. तीन चाकं दहाच्या वेगाने फिरताहेत आणि चौथं एकाएकी मंदावल्यासारखं दिसलं, की त्याला वाटतं ते चाक लॉक होतंय. मग ते त्या चाकाचा ब्रेक सेकंदात कित्येकदा सोडतं आणि धरतं. पायाला लागते ती तीच थरथर. ‘बातमी खोटी, पण कारवाई खरी,’ तुम्ही म्हणालात. म्हणून माझी गाडी कोरड्या जमिनीवर वीतभर पुढे जात होती. मी जोरात दाबत नव्हते, काका. एवढं कळलं तेव्हाच माझे निम्मे पैसे वसूल झाले होते.

तुमचा पहिला अंदाज चुकला, हेही लिहायला हवं. तुम्हाला उंदराचा संशय होता. पावसाळ्यात ते गाड्यांच्या वायरी कुरतडतात, तुमच्याकडे आठवड्याला एखादी तरी तशी गाडी येते म्हणे. चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढून तुम्ही वायर बोटांनी चाचपत कनेक्टरपर्यंत नेलीत, हलवून पाहिलीत. मीटर लावला. डाव्या सेन्सरचा साधारण अकराशे ओहम आला, उजव्याचाही जवळजवळ तेवढाच. ‘वायर चांगली आहे, सेन्सर चांगला आहे, माझं चुकलं,’ असं म्हणून तुम्ही हात पुसलेत. गाड्यांच्या बाबतीत ‘माझं चुकलं’ हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या पर्समधलं ऑनलाइन मागवलेलं सहाशे रुपयांचं यंत्रही मी दाखवलं. तुम्ही हसला नाहीत. ‘हे इंजिनशी बोलतं. एबीएसचा कॉम्प्युटर वेगळा, त्याच्याशी याची ओळख नाही,’ एवढंच म्हणालात आणि तुमचा स्कॅनर काढलात. मला गाडी चालवायला सांगितलंत, स्वतः शेजारी बसलात. रस्ता शनिवारचा, बराचसा मोकळा. स्क्रीनवर चार आकडे. चाळीसच्या वेगात चारही जुळ्या भावंडांसारखे. मग तुम्ही वेग कमी करायला लावलात. बारा, बारा, बारा आणि डावं पुढचं सात, पंधरा, बारा, परत सात.

‘सेन्सर मेला असता तर आकडा शून्यावर बसला असता. हा ठरावीक वेळाने अडखळतोय. म्हणजे चाकासोबत जे फिरतं त्यात खोट आहे.’ गॅरेजला परत येईपर्यंत मी मनातल्या मनात हेच घोळवत होते. सर्व्हिस सेंटरच्या मशीनलाही हे चाक सापडलं होतंच की. फक्त त्या चाकाजवळचं नेमकं काय बिघडलंय ते मशीन सांगत नाही, आणि ते शोधायला कुणी खाली वाकलं नव्हतं.

तुम्ही वाकलात. गाडी जॅकवर घेतलीत, चाक काढलंत, ॲक्सलच्या टोकावरची ती दातेरी रिंग मला दाखवलीत. सेन्सर तिच्यापासून सुमारे एक मिलिमीटरवर बसलेला असतो आणि समोरून जाणारे दात मोजत राहतो. खडूने एका दातावर खूण केलीत आणि एका हातात टॉर्च धरून ॲक्सल एकेक दात पुढे सरकवायला लागलात. मला वाटलं नव्हतं की मी उकिडवी बसून एवढा वेळ गंजाकडे बघत राहीन. तिसाव्या की बत्तिसाव्या दाताशी तुमचा हात थांबला. दोन दातांमधल्या खाचेत केसाएवढी चीर, तिच्यात विटकरी गंज भरलेला. तुम्ही म्हणालात, ‘नख लावा.’ लावलं. नख अडकलं.

रिंगखाली गंज धरतो, गंज फुगतो आणि वरच्या रिंगला आतून रेटत राहतो. एक दिवस ती तडकते. आमची गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर, खाडीच्या हवेत उभी असते, वर दर पावसाळ्यात विटाव्याचं पाणी. तडकलेल्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं, तेवढ्यापुरता सेन्सरचा ठोका चुकतो आणि हळू वेगात ते जास्त जाणवतं. सर्व्हिस सेंटरमध्ये नवा सेन्सर बसवणाऱ्याचा हात त्या चिरेपासून दोन बोटांवर असणार.

रिंग मंगळवारी मिळणार होती. तोवर गाडी इथेच ठेवा, रिक्षाने जा, असं तुम्ही सांगितलंत. मी कुरकुरले, पण ऐकलं. मंगळवारी सुट्टी टाकून आले ती तमाशा बघायला. ॲक्सल बाहेर, जुनी रिंग छिन्नीच्या एका टोल्यात निघाली, खालचा गंज एमरी पेपरने घासून चकचकीत. मग नवीन आणि जुनी, दोन्ही रिंगांचे दात मोजायचे. एक दात कमी-जास्त झाला तरी ते चाक कायम चुकीचा वेग सांगणार, म्हणून हे काम दोघांनी वेगवेगळं करायचं असा तुमचा नियम. तुमच्या हाताखालचा मुलगा ४८ म्हणाला, मी ४७. तुम्ही काही न बोलता रिंग माझ्या हातात परत दिलीत. ४८ च होते. नवीन रिंग तुम्ही जुन्या पोळीच्या तव्यावर तापवलीत, सांडशीने उचलून जागेवर टाकलीत, आणि ती गार होताना ‘टिक’ असा बारीकसा आवाज करून घट्ट बसली. ॲक्सलचा नट मात्र नवाच, जुना परत वापरायचा नाही म्हणून.

कोड पुसून चावी फिरवली आणि दिवा विझला, पण तो आधीही असाच विझून चालल्यावर लागायचा, म्हणून माझा चेहरा पडलेलाच. ‘चाकं फिरलेली बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही,’ तुम्ही म्हणालात. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन आले, दिवा लागला नाही.

बिल इथे लिहिते, तुम्ही रागावू नका. रिंग ७००, नट १२०, मजुरी १,२०० आणि तपासायचे ३००. हे तीनशे तुम्ही वेगळे लावलेत आणि सांगितलंत की काही सापडलं नसतं तरी घेतले असते. मला ते फार पटलं. बघण्याचे पैसे कुणी मागत नाही, म्हणून सगळे बदलण्याचे पैसे मागतात.

सप्टेंबरमध्ये आईकडे वसईला जाताना गायमुख घाटाच्या उतारावर, मुसळधार पावसात, पुढचा टेम्पो खड्डा चुकवायला एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, स्टिअरिंग हातात राहिलं, गाडी सरळ थांबली. मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, ‘आई, परत बिघडली का?’ मी म्हटलं, नाही, या वेळी खरं आहे.

जुनी रिंग तुम्ही कागदात गुंडाळून दिली होती, ती माझ्या टेबलावर आहे. उजवीकडच्या रिंगवरही गंज दिसला होता, चीर नव्हती. ‘पुढच्या पावसाआधी आणा,’ असं तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या शनिवारी सकाळी येते. आईने तुमच्यासाठी वसईची सुकेळी दिली आहेत. आणि दात या वेळी मी नीट मोजेन.

तुमची,
कोलशेतची ४७ दातवाली