नोव्हेंबरात कातळ, एप्रिलात धूर

लुसाका, झांबिया,
एप्रिल अखेर

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला, "व्हिक्टोरिया फॉल्सला जाऊन आलास आणि एक फोटो नाही, लेका खरंच गेलेलास ना?" अरे गेलो होतो, एकदा नाही दोनदा. नोव्हेंबरात आईबाबा आलेले तेव्हा आणि आता एप्रिलात एकटा. आणि दोन्ही वेळा तुला पाठवावा असा फोटो आलाच नाही, का ते फोनवर धड सांगता येत नाही म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरचं आधी. लुसाकाहून धबधब्याजवळच्या लिव्हिंग्स्टन गावाला बसने अख्खा दिवस जातो. आई रस्ताभर उत्साहात, मावशीला व्हॉट्सॲपवर "जगातला सगळ्यात मोठा धबधबा" वगैरे सांगून झालेलं. गेटमधून आत शिरलो, पायवाटेने कड्यासमोर आलो, आणि समोर पाणीच नाही! कोरडा ठणठणीत काळा कडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि लांब झिम्बाब्वेच्या बाजूला तेवढे काही पांढरे पट्टे पडताना दिसत होते. आई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "यापेक्षा आपला नाशिकचा सोमेश्वर धबधबा बरा की रे, ऑगस्टात निदान पाणी तरी असतं." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं काय सांगू, जसं काही नळ मीच बंद करून ठेवलेला.

पण बाबा. तुला माहितीये, तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. ते रेलिंगला टेकून नुसते बघतच राहिले आणि मग म्हणाले, "अरे हा तर आपलाच दगड आहे." खरंच बेसॉल्ट आहे रे तो, लाव्हाचे थरावर थर, हुबेहूब आपला सह्याद्रीचा कडा. फक्त हा १८ कोटी वर्षांचा आणि आपला साडेसहा कोटींचा, म्हणजे आपला त्यामानाने पोरसवदा. मग त्यांचा तासच सुरू झाला, तिथल्या दोन शाळेच्या पोरीपण थांबून ऐकायला लागल्या, बाबा मराठीतून बोलत होते तरी! तर या दगडात आडव्या लांबच लांब भेगा आहेत, त्यात मऊ माती-दगड भरलेला, झांबेझी नदी तो कोरून काढते आणि भेगेचीच दरी होते. १७०८ मीटर रुंद नदी एकाच वेळी अशा अरुंद भेगेत १०८ मीटर खाली कोसळते, आणि बाहेर पडायला वाट मात्र एकच, चिंचोळी. मग पुढे नागमोडी घळई, एकामागून एक. त्यातली प्रत्येक घळ म्हणजे धबधब्याची जुनी जागा! तो मागे मागे सरकत आलाय, आणि झिम्बाब्वेच्या बाजूला डेव्हिल्स कॅटरॅक्ट म्हणून सगळ्यात खोल कापलेला भाग आहे, तिथून पुढची भेग उघडायला सुरुवात पण झालीये. भरल्या पाण्यात यातलं काही दिसलं नसतं, हे मला एप्रिलात कळलं.

आता पाणी जातं कुठे, तर थोडा दोष विजेचा पण आहे. झांबियाच्या बाजूला धबधब्याच्या वरूनच पाणी वळवून खाली १०८ मेगावॅटचं वीजघर चालवतात. आपल्या रंधा धबधब्याला कसं, भंडारदरा धरणातून पाणी सोडलं की जीव येतो, तसलाच प्रकार. पण मी बोलायचं नाही, कारण २०२४ च्या दुष्काळात वीज देणारं करिबा धरण आटलं तेव्हा इथे जे लोडशेडिंग झालं त्यापुढे आपलं लहानपणचं म्हणजे काहीच नाही.

पण मूळ कारण नदीचीच चाल. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि धबधबा मात्र भरतो एप्रिलात, पाऊस संपल्यावर! वायव्य झांबियात पडलेलं पाणी खाली येता येता बारोत्सेच्या सपाट मैदानात पसरून बसतं, तिथल्या लोझी लोकांचा राजा त्या पुरामुळे दरवर्षी मोठ्या होडीतून उंचावरच्या राजवाड्यात राहायला जातो, कुओम्बोका म्हणतात त्या सोहळ्याला. तिथून सावकाश निथळत निथळत पाणी कड्यापर्यंत येतं. आपली गोदावरी कशी, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की बघता बघता दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी. ही बाई महिनाभर विचार करते मग येते.

तर गेल्या आठवड्यात परत गेलो. आवाज लिव्हिंग्स्टन गावातच, अंगात घुमल्यासारखा. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, नाव अगदी चपखल आहे, लांबून खरंच वणवा लागल्यासारखं दिसतं. (मोसी नावाची बिअरपण आहे, ती वेगळी गर्जना.) गेटवर भाड्याने रेनकोट मिळतात, घेतला, काही उपयोग नाही. धबधब्यासमोरच्या नाईफ एज पुलावर पाऊस वरून नाही, समोरून आणि खालून येतो, चड्डीपर्यंत भिजलो आणि दिसलं काय, तर पांढरं. नुसतं पांढरं! माझा हात मला दिसत होता तेवढंच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणजे नोव्हेंबरात पाणी सोडून सगळं दिसलं आणि आता पाणी सोडून काहीच नाही, आता सांग फोटो कसला काढू.

रात्री मात्र पौर्णिमा होती, त्या दिवसांत पार्क रात्री पण उघडतात. तुषारांवर चांदण्याचं इंद्रधनुष्य पडतं यार. डोळ्यांना जवळजवळ पांढरंच दिसतं, कडेला लालसर भास. पन्नासेक माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं, एक बाळ तेवढं रडत होतं.

आणि आता तुझ्यासाठी खास. ज्याच्या नावाचं हे गाव, त्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाने हा धबधबा पाहिला १६ नोव्हेंबर १८५५ ला, म्हणजे आईसारखाच उतरत्या पाण्यात, होडीतून काठावरच्या बेटापर्यंत जाऊन वाकून पाहिला. पण तो पुढे १८७३ मध्ये याच देशात वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराईट कुठे शिकलेला माहितीये? नाशिकला! गुलामांच्या जहाजावरून सोडवलेल्या आफ्रिकन पोरांची मिशनची शाळा होती आपल्या शरणपूरला, "नाशिक बॉईज" म्हणायचे त्यांना. लिव्हिंग्स्टनचं प्रेत त्याच्या सोबत्यांनी पार समुद्रापर्यंत वाहून नेलं आणि मग वेनराईट ते घेऊन थेट लंडनला गेला. आपण शरणपूर रोडवर किती वर्षं वडापाव खाल्ला, एकदा तरी कोणी सांगितलं का?

तू रोज तिथूनच ऑफिसला जातोस, एखाद्या रविवारी तिथल्या चर्चच्या बाजूला चक्कर मारून ये, जुनी पाटी बिटी काही दिसली तर फोटो पाठव. माझा नाही आला, तुझा तरी येऊ दे.

तुझा,
पक्या

ता. क. : आई जूनमध्ये भाजणी पाठवणारे, तुझ्या ओळखीचं कोणी लुसाकाला येणार असेल तर बघ. इथे न्शिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खाऊन खाऊन थालीपिठाची स्वप्नं पडतात.