पसंतीक्रमात पुणं आधी टाकलं, कराड नंतर

चाकण,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

या महिन्यात तीनदा सांगायचं ठरवून फोन केला आणि तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी, मावशीचा मोतीबिंदू एवढंच बोलून ठेवला. पलीकडे बाबा गप्प झाले की मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच, आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन लावू नकोस.

मी नोकरी सोडलीय. राजीनामा गेल्या महिन्यात दिला, नोटीस परवा संपली. ऑगस्टअखेरीस पाषाणला सी-डॅकमध्ये पीजी-डॅक या संगणकाच्या कोर्सच्या वर्गात बसतेय. सहा महिने, साधारण नऊशे तास, पूर्णवेळ. जागा पक्की करायचे अकरा हजार आठशे भरून झालेत. विचारायला हवं होतं, हे मान्य आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात.

बाबा, मेकॅनिकल सोडलं असं कृपा करून मनात आणू नका. सहा वर्षं गेज, व्हर्निअर आणि सीएमएम या मापं घेणाऱ्या यंत्राच्या रिपोर्टांत काढली, ती काही वाया जाणार नाहीत. झालं असं की रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मालाचा, रोजचा रिपोर्ट करायला मला दोन तास लागायचे. गेल्या वर्षी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिला आणि ते काम दहा मिनिटांवर आलं. त्या रात्री कंपनीची बस निघून गेली तरी मी खुर्चीतच होते, आणखी काय काय करता येईल ते बघत. मशीनपुढे मला असं कधी झालं नाही. तुम्हाला हे लिहिताना हात अडखळतोय, पण खरं तेच आहे.

आणि मी उडी मारली नाही. तुम्हीच शिकवलंय, नट आधी हाताने फिरवून बघायचा, आटे बसले की मगच पाना लावायचा. तसंच केलं. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीवाल्यांचे आणि इतर प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात. चेन्नईच्या माधवन मुकुंद सरांचा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा आठ आठवड्यांचा कोर्स मी शिफ्टवरून आल्यावर रात्री केला. परीक्षेचे हजार रुपये तेवढे भरले. स्वतःशी ठरवलं होतं, हा अर्ध्यात सुटला तर विषय कायमचा बंद. सुटला नाही. रविवारीसुद्धा पहाटे उठून बसायचे. आई, तुला माहीत आहे मी रविवारी किती वाजता उठते.

त्याआधी एका खासगी क्लासमध्ये चौकशीला गेले होते. शंभर टक्के नोकरी, चार महिन्यांत. पाच हजार नोंदणीचे भरलेही. मग ते म्हणाले, दोन वर्षांचा सॉफ्टवेअरचा अनुभव आम्ही कागदावर दाखवून देऊ, शिवाय मूळ मार्कशीट आमच्याकडे ठेवा. मी उठून आले. पैसे परत मिळाले नाहीत. तुमच्यापासून लपवलेली एवढी एकच गोष्ट, तीही आता सांगितली. एमसीएचाही विचार केला, पण त्याला दोन वर्षं, आणि दोन वर्षं पगाराशिवाय राहणं आपल्याला झेपणारं नाही. नुसतं ऑनलाइन शिकावं तर नोकरी करून रोज जेमतेम दीड तास मिळतो, तोही पेंगत.

सी-डॅक म्हणजे तीच केंद्र सरकारची संस्था, १९८८ साली सुरू झालेली, विजय भटकरांनी परम महासंगणक केला ती. प्रवेशाला सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं की एक गुण कापतात. सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, नेटवर्किंग सगळं नव्याने वाचलं. आता जावा, डेटाबेस, वेब आणि शेवटी प्रोजेक्ट. कॅम्पसला कंपन्या येतात, पण नोकरीची हमी देत नाहीत, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. सध्या आयटीत नवख्यांची भरती कमी आहे, कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत, हे टीव्हीवर दाखवतात ते खोटं नाही. पण कारखान्यांनाही सॉफ्टवेअर लागतं, आणि कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं ते ठरवणारा कंट्रोल प्लॅन म्हणजे काय हे आधीपासून माहीत असणारे प्रोग्रामर फार नसतात. मला तिथेच जायचंय.

आता ते लिहिते ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. हाच कोर्स आपल्या कराडातही चालतो. फॉर्म भरताना केंद्रांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. मी पुणं आधी टाकलं, कराड नंतर. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं.

घरी यायचं नव्हतं म्हणून नव्हे गं आई. घरी आले असते तर तू पहाटे पाचला उठून माझा डबा केला असतास, गुडघे धरून. बाबा संध्याकाळी गेटपाशी उभे राहिले असते. तुम्हाला बघत बसले असते आणि दर आठवड्याला वाटलं असतं, पुरे झालं, मिळेल ती नोकरी धरावी. मला हे सहा महिने थोडं कठोर व्हायचंय, आणि तुमच्यासमोर मला कठोर होता येत नाही. शिवाय रात्री उशिरापर्यंत लॅब, प्रोजेक्टच्या कंपन्या, मैत्रिणी, सगळं इकडे. ही कारणं खरी आहेत. तरी पसंतीक्रम सबमिट करताना रडू आलं.

पैशांचं सांगते. फी जीएसटी धरून एक लाख सहा हजार दोनशे, माझ्या एफडीतून. बाबांच्या ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही, आणि गावच्या काकांकडे विषयसुद्धा काढायचा नाही. दर महिन्याचे आठ हजार येत राहतील, ते वेगळे काढून ठेवलेत. संपाच्या वेळी घर कसं चाललं ते मी विसरलेले नाही. पगार थांबला की बाबांची झोप जाते, तेही माहीत आहे. या वेळी फक्त माझा थांबलाय, आणि तो कधीपर्यंत हे आधीच ठरलंय.

खोली पाषाणलाच बघितली, दोघी मुली आहेत, दोघीही याच कोर्सच्या. गरम पाणी आहे. डबा एका काकूंचा, भाकरी मिळते, भाजीत शेंगदाण्याचं कूट असतं, मी चव बघूनच ठरवलं. खिडकीत तुळस ठेवायला जागा आहे. आईची गोधडी नेतेय.

आवरताना तो डबा सापडला, डेपोतून आणलेल्या बेअरिंगच्या छऱ्यांचा. तुम्ही रॉकेलने पुसून द्यायचात आणि मी फरशीच्या उतारावरून सोडत बसायचे. सगळे मोरीत जायचे, तुम्ही ड्युटीवरून दमून आलेले असूनही मोरीत हात घालून काढायचात. अकरा आहेत अजून. तेही नेतेय.

आता मुकाट्याने ऐका. बाबा, तीन महिन्यांची साखर तपासायची राहिलीय, याच आठवड्यात जा, आणि डोळ्यांचा पडदाही दाखवून घ्या, वर्ष उलटलं. रात्री पायांचे तळवे बघायचे, जखम लपवायची नाही. श्रावणी सोमवारी दिवसभर उपाशी राहून गोळी घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारा. आई, जमिनीवर बसून भाजी निवडणं बंद, स्टूल कशाला आणलंय? शिवण दिवसा कर, दिव्याखाली नको. इन्व्हर्टरमध्ये पाणी घाला. दिवाळीला दोनच दिवस मिळतील, चकल्या मी येईन त्या दिवशीच करायच्या, आधी नाही.

मिरजेच्या स्थळाच्या लोकांना खरं सांगा, मुलगी नोकरी सोडून शिकतेय म्हणून. थांबायचं तर थांबतील. तुम्हाला उत्तर देणं अवघड वाटलं तर माझा नंबर द्या, मी नीट बोलेन.

पत्र मंगळवार-बुधवारपर्यंत पोहोचेल. गुरुवारी रात्री साडेआठला फोन करते. बाबा, तुम्हीच उचला. रागावलात तरी चालेल, पण गप्प राहू नका.

तुमची,
छकुली

ता. क. छरे बारा होते ना? एक मोरीच्या जाळीखाली असेल. कुणी वाकून शोधायचा नाही, दिवाळीत मी काढेन.