दिवाळी अंक हातात पडण्याआधी

प्रिय आई-बाबा,

पाहुण्यांना अभिमानाने ‘१८९३ सालचं’ म्हणून सांगता त्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून बाबा यंदाही दिवाळी अंक आणतील. एकात माझी भयकथा आहे. होकार देऊन झालाय, आता मागे घेणार नाही.

एका मुलीचा डबा वर्गातल्या तिघी रोज पळवतात, त्यात पाणी ओततात. एकदा तलावपाळीच्या कठड्यावरून तो मासुंदा तळ्यात फेकतात. डबा काढायला ती वाकते, ती वर येतच नाही. पुढे त्या तिघींना मुलं होतात. सकाळी मुलांच्या डब्याचं झाकण उघडलं की आत हिरवं, शेवाळाचा वास मारणारं पाणी. डबा घासला, नवा आणला, तरी तेच. शेवट सांगत नाही. आई, तुला झोप लागायची नाही.

डबा कुणाचा हे तुम्हाला कळेलच. माझा तळ्यात नव्हता गेला गं. भिजलेल्या पोळ्या टाकून, डबा शाळेच्या नळाखाली विसळून मी घरी यायचे आणि तू म्हणायचीस, ‘आज सगळं संपवलं माझ्या बबडीने!’ कथेतल्या आईला काही कळत नाही, पण ती तू नाहीस. तुला कळू नये याची मीच काळजी घेत होते. तेव्हा बाबांचं वागळे इस्टेटचं ते सगळं चालू होतं ना.

बाबा, तुम्ही म्हणाल, जुनं उकरून काय मिळतं, माफ करून टाकावं. संपादकांनाही शेवट जरा सौम्य हवा होता. मी नाही म्हटलं. त्या पोरीच्या बाजूने जिवंतपणी कुणी उभं राहिलं नाही, निदान गोष्टीत तिचा सूड पुरा होऊ दे. शाळेचं नाव नाही, गणवेशाचा रंगही बदललाय. नौपाड्यात कुणी बोट दाखवणार नाही.

मी मजेत आहे. ऑफिसात सगळ्याजणी एकत्र जेवतो आणि तुझ्या पद्धतीची गूळ घातलेली गवार सगळ्यात आधी संपते.

कथा दुपारी चहानंतर वाचा, रात्री अजिबात नाही. आई, बीपीची गोळी चुकवू नकोस. बाथरूममधला दांडा धरायला बसवलाय, त्यावर टॉवेल टाकू नका. आणि त्या तिघींपैकी एकीची आई तुला अजून भाजीबाजारात भेटते, तिच्याशी नेहमीसारखंच बोल. तिला यातलं काहीच ठाऊक नाही.

रविवारी नेरुळहून दुपारच्या गाडीने येते. वरणभात पुरे.

तुमची,
बबडी