रविवारच्या स्नोबद्दल

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचा मेसेज सकाळी चहाचं आधण ठेवताना बघितला, "आई सगळं गेलं, सहा झेडच्या जीएफएसने वादळ समुद्रात नेलं", म्हणजे जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या पहाटेच्या रनने, नव्या अंदाजाने, रविवारचं वादळ किनाऱ्यापासून लांब दाखवलं. मनात पहिलं काय आलं सांगू? वादळाचं नाहीच, हे पोरगं पहाटे पाचला जागं काय करतंय हे आलं. काल रात्री अकराला तूच तो 22 इंच स्नोचा जांभळा नकाशा फॅमिली ग्रुपवर टाकला होतास, पुण्याच्या मावशीने लगेच "बापरे, भाजी आणून ठेवा" लिहिलं, आणि सहा तासांत त्या 22 इंचांचं शून्य झालं. फोनवर तू घाईत असतोस आणि मी पण ऑफिसच्या गडबडीत, म्हणून आज जेवणं उरकल्यावर बसून लिहितेय, नीट वाच.

हे रविवारचं वादळ म्हणजे अजून वादळ नाहीच आहे रे. आज मंगळवार, आत्ता ती नुसती वरच्या हवेतली एक सुरकुती आहे, अलास्काच्या खाली पॅसिफिकवर कुठेतरी. तिथे दिवसातून दोनदा हवा मोजायचे बलून सोडायला कोण बसलंय? उपग्रह आणि विमानं यांच्याकडून जे कळतं त्यावर मॉडेल चालतात, आणि तिथे थोडं इकडचं तिकडं झालं की पाच दिवसांनी आपल्या न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये वीतभर स्नो की नुसता पाऊस इतका फरक पडतो. हे तू माझ्यापेक्षा चांगलं शिकतोयस, पेन स्टेट युनिव्हर्सिटीला त्यासाठीच गेलास, पण रात्री स्क्रीनसमोर बसलं की शिकलेलं विसरायला होतं, माझंही होतं. ती सुरकुती शुक्रवारी किनाऱ्यावर येईल, मग तिच्यात खऱ्या बलूनची मोजमापं जातील, शुक्रवारी रात्रीच्या रनवर मी जरा विश्वास ठेवीन. त्याआधी एका रनच्या आकड्यावर हसणं किंवा रडणं म्हणजे बाजारात तुरी तसं आहे.

आणि गुरुवारच्या त्या छोट्या वादळाकडे तू बघतच नाहीयेस! कॅनडातल्या अल्बर्टाहून येणारं ते क्लिपर, आपल्याकडे इंच-दोन इंच टाकून जाईल एवढंच सगळे म्हणतायत, पण मला तर त्याचीच जास्त उत्सुकता आहे. ते पुढे समुद्रात जाऊन न्यूफाउंडलंडपाशी मोठं होऊन रेंगाळलं तर क्यूबेकवरची थंड हवा आपल्यावर धरून ठेवेल, मग रविवारचं वादळ आलं की त्याला गारवा तयार मिळेल. तेच भराभर निघून गेलं तर वरचा हाय प्रेशरही त्याच्या मागोमाग अटलांटिकवर सरकणार, वारा पूर्वेचा होणार, आणि समुद्राचं पाणी या दिवसांत 40 डिग्री फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यावरून आलेल्या वाऱ्यात कसला स्नो टिकतोय. मग टर्नपाइक हायवेच्या या बाजूला पाऊस आणि वर मॉरिस काउंटीत पांढरंशुभ्र. आपलं घर नेमकं त्या रेषेवर, दर वर्षी हेच, तुला लहानपणापासून माहितीय.

त्या रेषेचा आवाज आठवतो का तुला? स्नो पडत असतो तेव्हा घरात काहीच ऐकू येत नाही, उलट रस्ता एकदम मुका होतो. आणि मग वर पाच-सात हजार फुटांवर गरम हवेचा एक पातळ थर घुसतो, खाली अंगणात थर्मामीटर 29 दाखवत असतो तरी वर तो स्नो वितळतो, खाली येईपर्यंत परत गोठतो, आणि खिडकीच्या काचेवर टिक टिक टिक सुरू होतं, सुपात तांदूळ पाखडावेत तसं. तू सहावीत असताना तो आवाज ऐकून पांघरुणातून उठून आला होतास आणि "आई, स्लीट" एवढंच म्हणून माझ्या कुशीत शिरला होतास. आपण दोघं खिडकीपाशी बसलो, समोरच्या खांबावरच्या दिव्याखाली बघत, परत मोठे पापुद्रे पडायला लागतायत का म्हणून. पहाटे साडेतीनला पडायला लागले. तेवढ्यासाठी आपण दोन तास बसलो होतो, आणि मला ते दोन तास अजून हवेत.

2015 चं तू म्हणतोस तुला अर्धवट आठवतं, मला मात्र लख्ख आठवतं. 26 जानेवारीचा सोमवार. न्यूयॉर्कला 20 ते 30 इंच सांगितला होता, सबवे बंद केली, स्नोसाठी सबवे बंद करायची ती पहिलीच वेळ. युरो, म्हणजे युरोपचं मॉडेल, मोठा स्नो दाखवत होतं आणि युरोवर सगळ्यांची श्रद्धा, कारण 2012 च्या सँडी चक्रीवादळाच्या वेळी त्यानेच आधी बरोबर सांगितलं होतं. जीएफएस म्हणत होतं की वादळ जरा पूर्वेला राहील, आणि माझ्यासकट कोणी त्याचं ऐकलं नाही. वादळ पूर्वेलाच राहिलं. बॉस्टनला दोन फूट, लाँग आयलंडच्या टोकाकडे दोन फूट, सेंट्रल पार्कला 9.8 इंच आणि आपल्या अंगणात त्याहूनही कमी. वादळ चुकलं नव्हतंच, ते आलं होतं, फक्त 50-100 मैल पलीकडून गेलं. एका हवामान अधिकाऱ्याने त्या रात्री जाहीर माफी मागितली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्या माणसाची नव्हती, लोकांपुढे एकच आकडा गेला आणि त्याच्या बाजूची शंका कुणी वाचलीच नाही. तू आठ वर्षांचा होतास, बूट घालून दारात बसला होतास, आणि मी तुला आदल्या रात्री छातीठोक सांगितलं होतं की सकाळी तुझ्या कमरेएवढा असेल. ते मी सांगायला नको होतं. ते मला अजून लागतं.

आणि उलटंही झालंय की. 2010 च्या नाताळात तू चार वर्षांचा, मॉडेलांनी आधी वादळ दाखवलं, मग दोन दिवस समुद्रात घालवलं, मी जिरवून टाकलं मनातून, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळी परत वळली. 26-27 तारखेला सेंट्रल पार्कला 20 इंच आणि आपल्या बाजूला त्याहून जास्त, तुझ्या बाबांची गाडी दुसऱ्या दिवशी शोधावी लागली. म्हणजे पहाटेच्या एका रनने नेलं म्हणून गेलं असं नसतं. युरोची एन्सेम्बल बघ ना, थोड्या थोड्या फरकाने चालवलेले पन्नास रन, म्हणजे पन्नास मेंबर, आज दुपारची मी बघितली, काही मेंबर किनाऱ्याला अगदी चिकटून आहेत, काही दूर समुद्रात, आणि मधे भली मोठी पोकळी. त्याची सरासरी काढून 7 इंच म्हणायचं आणि ग्रुपवर टाकायचं यात काही अर्थ नाही, कारण नेमके 7 इंच पडतील असं त्यातल्या फार थोड्या मेंबरांना वाटतंय. मावशीला सांगायचं झालं तर असं सांग की रविवारी मोठं वादळ होऊ शकतं, पाऊसही होऊ शकतो, शनिवारी सकाळी सांगतो. एवढंच खरं आहे आत्ता.

तुझी तगमग मला कळते रे. 2022-23 चा हिवाळा आठव, सेंट्रल पार्कला अख्ख्या सीझनमध्ये 2.3 इंच, इतका कमी कधीच नव्हता. एका दिवसात एक इंच पडायला 701 दिवस लागले, जानेवारी 2024 उजाडला. ती दोन वर्षं तू शाळेतून आलास की आधी गॅरेजमध्ये जाऊन आपली स्नो मोजायची पांढरी फळी पुसून ठेवायचास. इतकी वाट बघितलेल्या मुलाला "एवढं मनाला लावून घेऊ नकोस" असं मी कसं म्हणू? मी तसं म्हणत नाहीये. आटपाडीला तुझे आजोबा मृग लागला की रोज संध्याकाळी ओट्यावर उभे राहायचे, पश्चिमेला ढग भरून यायचे, वारा सुटायचा, मातीचा वास यायचा, आणि ढग आमच्या डोक्यावरून पुढे निघून जायचे. असं आठ-आठ दिवस. त्यांचं तर पोट त्याच्यावर होतं, आपलं नुसतं मन आहे. पण ते रात्री झोपायचे. बैलांना वैरण टाकून, बियाणाच्या पोत्यावर हात फिरवून झोपायचे. पाऊस आला की मग कोणी उठवायची गरज नसायची, पत्र्यावरच्या पहिल्या थेंबाला उठून बाहेर. तू पण झोप बाळा, सहा झेड तुझ्याशिवाय येतो आणि सकाळी आठलाही तसाच असतो.

आता मुख्य मुद्दा. तू म्हणतोस शनिवारी रात्री मित्राच्या गाडीने निघून रविवारी पहाटे घरी येतो, फळीवर पहिलं माप आपण दोघांनी घ्यायचं म्हणून. नाही. यावर चर्चा नको. स्टेट कॉलेजहून आय-80 ने चार तास, तेही वादळाच्या तोंडावर आणि रात्री. आणि मोठं वादळच लागतं असंही नाही, मार्च 2022 मध्ये तुमच्या पेनसिल्व्हेनियातच आय-81 वर नुसत्या स्नो स्क्वॉलमध्ये, स्नोच्या एका अचानक सरीत, 80 च्या आसपास गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली, मिनिटाभरात समोरचं दिसेनासं झालं होतं. यायचं असेल तर शुक्रवारी दुपारचा क्लास झाल्यावर बसने ये, तिकीट मी काढते. आणि हे ऐक, शुक्रवारी रात्रीच्या रनने वादळ समुद्रात नेलं तरी ये. स्नो नाही पडला तर घरी दोन दिवस राहशील, मी थालीपीठ करीन, सोमवारी परत जाशील. आणि पडलाच तर सोमवारचा क्लास बुडेल, मी काही बोलणार नाही.

आणि येता आलं नाही तरी माप मी नीट घेईन, काळजी करू नकोस. दर सहा तासांनी एकदाच फळी साफ करायची, मधे मधे पुसली की आकडा फुगतो, हे तूच मला शिकवलंस. 2016 च्या जानेवारीत माझी कॉलेजातली स्टीलची पट्टी अख्खी बुडाली होती आणि आपण झाडूच्या दांड्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, तो दांडा अजून आहे, 24 च्या खुणेपाशी तुझं नाव आहे. सेंट्रल पार्कला तेव्हा 27.5, तोही आकडा काही महिन्यांनी तपासून दुरुस्त केलेला, आधी 26.8 होता. वॉशिंग्टनच्या विमानतळावर तर मोजायची फळीच बर्फात हरवली होती. म्हणून या वेळी मी आपल्या फळीच्या चारही कोपऱ्यांना नारिंगी काठ्या लावल्यात.

फळी आज बाहेर काढली, ओट्यापासून लांब, वाऱ्याने ढीग लागत नाही त्या जागी, मॅपलच्या पलीकडे. गुरुवारी पहाटे क्लिपरचं माप घेऊन तुला दशांशासकट कळवते. बसचं शुक्रवारचं का शनिवार सकाळचं ते उद्या दुपारपर्यंत सांग, तिकिटं संपतायत.

तुझी,
आई